एका अंशाची धाकधूक

फाल्गुन जवळ आला की बुलढाण्याच्या हवेचं काही खरं नसतं. पहाटे गच्चीवर गेलं तर खांद्यावर शाल लागते आणि दुपारी त्याच गच्चीवर पापड वाळत घालताना तळपाय पोळतात. लोक म्हणतात, किती छान दिवस आहेत, ना थंडी ना उन्हाळा. मला हे दिवस कधीच छान वाटले नाहीत. हवा अशी दोन्हीकडे ओढायला लागली की माझ्या छातीत बारीक धडधड सुरू होते. गॅसवर दूध नसतानाही काहीतरी उतू जाईल असं वाटत राहतं. मी उगाच उठते, आतल्या खोलीत जाते, परत येते. सून विचारते, "आई, काय हवंय?" काही नको असतं. मी पारा बघायला उठलेली असते आणि तो पारा राहिला साखरखेर्ड्यात, कितीतरी वर्षं मागे.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची, नुकती मास्तरीण झालेली. साखरखेर्ड्याच्या प्राथमिक शाळेत नेमणूक मिळाली तेव्हा वडील मला एसटीनं पोचवायला आले, गिरजामायच्या अंगणातली पत्र्याची एक खोली भाड्यानं घेऊन दिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला रडू आवरेना. गिरजामाय पन्नाशीची, एकटीच राहणारी बाई. ती माझ्याजवळ आली नाही. थोड्या वेळानं तिनं माझ्या दारात एका ताटात भाकरी आणि लाल चटणी आणून ठेवली आणि म्हणाली, "बाई, खाऊन घ्या. मंग रडा." त्या दिवसापासून मी तिच्याकडेच जेवू लागले.

गिरजामायला गावात ओळखत ते तिच्या कोंबड्यांमुळे. पंचवीस-तीस कोंबड्या होत्या. प्रत्येकीला नाव होतं आणि प्रत्येकीचा स्वभाव तिला पाठ होता. कुणाला पिलं हवी असली की लोक तिच्याकडे येत. लेक सासरी निघाली की तिच्या टोपलीत गिरजामायची दोन पिलं जायची. तिचा मुलगा नामदेव चिखलीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो दर दोन महिन्यांनी यायचा आणि म्हणायचा, "माय, चाल माह्यासंग." ती म्हणायची, "अन् कोंबड्या कोन पाह्यन?" एवढ्यावर ते बोलणं संपायचं.

त्या वर्षी पौषात गावात मानमोडी आली. कोंबड्या मान वाकडी करून गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. आठ दिवसांत गावातलं खुराडं न् खुराडं रिकामं झालं. गिरजामायनं आपल्या कोंबड्या स्वतः खड्डा खणून पुरल्या, खुराडं जाळलं, अंगण चुन्यानं सारवलं. त्यानंतरच्या सकाळी मला अजून आठवतात. आमच्या आळीत उजाडायचं, पण उजाडलं म्हणून सांगायला कोंबडा नव्हता. गिरजामाय मात्र नेहमीच्या वेळेला उठायची, हातात ज्वारीच्या कण्यांची वाटी घेऊन दारापर्यंत जायची आणि तिथंच थबकायची.

नामदेव आला तेव्हा बघायला कोंबड्याच उरल्या नव्हत्या. तो तसा वाईट मुलगा नव्हता. त्याला आईची काळजी होती. "आता काय राह्यलं इथं?" तो म्हणाला. "रंगपंचमी झाली का मी येतो. घर बंद करून टाकू." गिरजामाय नुसतं "हाव" म्हणाली. तो "हाव" मी माझ्या खोलीतून ऐकला. खरं सांगायचं तर तिच्या दुःखापेक्षा मला माझी भीती जास्त होती. ती गेली तर या गावात मी एकटी कशी राहणार?

म्हणून मग मी ते सुचवलं. शाळेत ग्रामसेवकांनी शेतीची काही पत्रकं वाटायला दिली होती, त्यांतल्या एकात कोंबडीशिवाय अंडी उबवायच्या पेटीचं चित्र होतं. मी ते गिरजामायपुढे धरलं. "आपण करू," मी म्हणाले. तिनं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "बिनमायची पिलं?" तिनं विचारलं. मी शास्त्र शिकवणारी बाई होते, त्यामुळे मोठ्या ऐटीत म्हणाले, "उष्णता सारखी ठेवली की झालं."

उष्णता सारखी ठेवली की झालं! हे वाक्य मी आजही मनात म्हणते आणि मला माझी लाज वाटते.

गिरजामायची बहीण लोणारकडच्या एका गावात राहायची. तिच्या कोंबड्या धडधाकट होत्या, पण खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी द्यायला तिनं साफ नकार दिला. "तुया गावची हवा रोगट हाय," ती म्हणाली. अंडी मात्र दिली. चाळीस अंडी टोपलीत, कोंड्यात रोवून, गिरजामायनं एसटीतून मांडीवर धरून आणली. टोपली टपावर टाकायला निघालेल्या कंडक्टरला तिनं असं काही सुनावलं की तो पुढच्या थांब्यापर्यंत तिच्याकडे फिरकलाच नाही.

पेटी आम्ही दोघींनी माझ्या खोलीत केली. किराणा दुकानातून चहाची दोन खोकी आणली, एक मोठं, एक लहान. लहान मोठ्यात बसवून मधल्या जागेत कापूस ठासून भरला. सुताराकडून खाली कंदिलापुरता कप्पा करून घेतला. कंदिलाच्या वर पत्रा, पत्र्यावर वाळूचा थर, वाळूवर जाळी आणि गोणपाट, त्यावर अंडी. कोपऱ्यात पाण्याचं मातीचं परळ. झाकणाला काच हवी होती. ती एका जुन्या तसबिरीची निघाली. हवेसाठी चार भोकं पाडली आणि कमी-जास्त करायला कापसाचे बोळे केले. राहता राहिलं तापमान. हायस्कूलच्या हेडमास्तरांना विनवून, वहीत सही करून, मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला. पत्रकात अंश फॅरनहाइटमध्ये होते, थर्मामीटर सेल्सिअसचा. मी कागदावर गणित मांडलं आणि त्याच्या काचेवर एकोणचाळीसच्या रेघेपाशी लाल दोरा बांधला. आता सगळं त्या दोऱ्यावर.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अंडी ठेवली. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा उलटायची, पहाटे, शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी. पेटीला अजून चहाचा वास होता. कंदील लावला, पारा हळूहळू चढला आणि दोऱ्याशी येऊन थांबला. गिरजामायनं पेटीला हळदीकुंकू वाहिलं. मला हसू आलं. ते माझं त्या दिवसांतलं शेवटचं निर्धास्त हसू.

पारा एका जागी थांबत नाही, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्याच्यासोबत राहणं वेगळं. पहाटेच्या गारठ्यात तो दोन अंश उतरलेला असायचा. मी वात वाढवायची. वात वाढवली की काजळी धरायची, काजळी धरली की उष्णता कमी व्हायची. काच पुसायला कंदील बाहेर काढावा तर तेवढ्यात पारा आणखी खाली. कसाबसा दोऱ्याशी आणावा तर ऊन वर यायचं, छपराचा पत्रा तापायचा आणि पारा दोरा ओलांडून पुढं. मी अंगावर घोंगडी घेऊन पारा वर आणायची आणि तीच घोंगडी ओली करून पत्र्यावर टाकून तो खाली आणायची.

शाळेत माझं लक्ष लागेना. फळ्यावर बेरीज लिहिताना हातचा विसरायची. पहिलीतली एक मुलगी एकदा म्हणाली, "बाई, तुमी सारख्या खिडकीतून काय पाह्यता?" मी ऊन बघत होते. शाळेच्या भिंतीवर ऊन कुठवर चढलं, यावरून खोलीत पारा कुठवर चढला असेल याचा अंदाज मला यायला लागला होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी पदर खोचून चक्क पळत सुटायची. गावात लोक बघायचे. मास्तरीणबाई पळतात हा तेव्हा बोलायचा विषय होता.

पाचव्या दिवशी दुपारी खोलीत शिरले तर पारा एक्केचाळीसवर. गिरजामाय शेतात भाजी खुडायला गेली होती. मी झाकण उघडलं, बोळे काढले, कंदील विझवला आणि हजेरीपटानं वारा घालत बसले. पारा हलेना. चाळीस जीव माझ्यासमोर भाजत होते आणि मी रडत होते. पारा उतरला तेव्हा सुट्टी संपून बराच वेळ झाला होता. गिरजामाय आल्यावर मी तिला काहीच सांगितलं नाही. तिनं माझे डोळे पाहिले आणि हजेरीपटाचा मुडपलेला पुठ्ठा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती मधल्या सुट्टीपर्यंत खोलीच्या दारातच भाजी निवडत बसू लागली.

सातव्या दिवशी संध्याकाळी दार-खिडकी लावून आम्ही एकेक अंडं टॉर्चपुढे धरलं. सहा अंडी नुसतीच पिवळी, रिकामी. बाकी चौतिसांत लाल बारीक शिरांचं जाळं होतं आणि मध्ये एक काळा ठिपका. एका अंड्यात तो ठिपका हलला. गिरजामायनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

पिढ्यान् पिढ्या कोंबड्यांनी जे अंगाखाली झाकून केलं, ते तिनं पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मला कळलं की आता माघार नाही. रिकामी अंडी गेली असती तर अंडीच गेली असती. आता जे जाईल ते हलणारं होतं.

गिरजामायची एक सवय होती. अंडं उलटताना ती ते क्षणभर आपल्या मिटलेल्या पापणीला लावायची. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "बाई, थंडे वाटून राह्यले." मी तिला पारा दाखवला. "बघा, बरोबर दोऱ्यावर आहे." दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा पारा दाखवला. "काच खोटं बोलत नाही, गिरजामाय."  बाराव्या दिवशी पहाटे तिनं अंडं पापणीला लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ते परत ठेवलं. तिच्या त्या न बोलण्यानं मी दिवसभर अस्वस्थ राहिले.

शाळा सुटल्यावर मी गावातल्या डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून ताप मोजायचा थर्मामीटर मागून आणला. कपात कोमट पाणी घेतलं आणि दोन्ही काचा त्यात बुडवल्या. शाळेच्या काचेनं एकोणचाळीस दाखवले. डॉक्टरांच्या फॅरनहाइटचं कागदावर गणित केलं. डॉक्टरांची काच जवळपास एक अंश कमी सांगत होती. पाणी बदललं, पुन्हा बुडवल्या. तेच.  दोन्हींपैकी एक काच खोटी होती, पण कोणती?

गिरजामाय माझं हे सगळं बघत होती. मी आधी डॉक्टरांचा थर्मामीटर तोंडात धरला. ताप नाही. मग शाळेचा धुऊन जिभेखाली धरला. अडतीस. म्हणजे मला चांगलाच ताप.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"ही काच म्हणते मला ताप आहे. ती म्हणते नाही."

ती पुढं झाली. तिनं आपला खरखरीत तळवा माझ्या कपाळावर ठेवला, मग गळ्याला लावला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"तुले ताप नाई," ती म्हणाली. "तुया काचेले ताप हाय."

पहिल्यांदाच तिनं मला 'तू' म्हटलं होतं. आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडले. बारा दिवस अंडी एका अंशानं गारठत होती. बारा दिवस ती मला सांगत होती आणि मी तिला लाल दोरा दाखवत होते. पुढं कधीतरी ध्यानात आलं की पाचव्या दिवशी ज्या एक्केचाळीसांनी मला रडवलं, ते खरे चाळीसच होते. दोराच अंशभर खाली असल्यानं त्याच खोट्या काचेनं त्या दुपारी अंडी वाचवलीही असतील. पण त्या संध्याकाळी असा विचार सुचण्याइतकं माझं मन ताळ्यावर नव्हतं. मी दोरा एक रेघ वर सरकवला, वात वाढवली आणि म्हटलं, "आता तुम्ही रोज पापणीनं सांगा." ती म्हणाली, "दोघी बी सांगू."

अठराव्या दिवसापासून अंडी उलटायची नव्हती. फक्त वाट पाहायची. रंगपंचमीला पोरं माझ्यावर रंग टाकायला आली तेव्हा मी दार उघडलं नाही, वारा आत येईल म्हणून. एकविसावा दिवस उजाडला, मावळला. तसबिरीच्या काचेतून चौतीस अंडी दिसत होती, जशीच्या तशी, फुल्या आणि गोलांसकट.

बाविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, नामदेव आला. गिरजामायनं भांड्यांचं एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. तिनं ते केव्हा बांधलं, मला कळलंही नव्हतं. नामदेव पेटीपुढे उकिडवा बसला.

"किती दिवस झाले?"

"बावीस," मी म्हणाले.

"बाई, तुमी शिकेल मानसं. एकवीस म्हंजे एकवीस. लहान लेकराले बी माहीत हाय." मग आईकडे वळून म्हणाला, "माय, दुपारची गाडी हाय."

"येक दिवस थांब," गिरजामाय म्हणाली.

"काऊन? मेलेल्यासाठी?"

"थांब म्हनलं ना."

त्याला राग आला असावा. आईवर नाही, माझ्यावर. मी तिला आशा लावून ठेवली होती. त्यानं सरळ झाकण उचललं, एक अंडं काढलं. "फोडूनच दाखवतो तुमाले," तो म्हणाला आणि अंडं जात्याच्या कडेला आपटायला हात उचलला.

"नको!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी त्याआधी कधी ओरडले नव्हते.

हात वरच थांबला. मला वाटलं माझ्या ओरडण्यानं थांबला. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचा चेहरा बदलत गेला. त्यानं हात हळूच खाली आणला, अंडं कानाला लावलं.

"माय," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हे ठोकून राह्यलं वं आतून."

त्यानं ते अंडं दोन्ही हातांनी, श्वास रोखून, जागेवर ठेवलं आणि झाकण लावलं. मग उंबऱ्यावर जाऊन बसला. दुपारची गाडी गेली. संध्याकाळचीही गेली. दिवेलागणीला पहिल्या अंड्याला तडा गेला. रात्रभरात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस पिलं बाहेर आली, ओली, अशक्त, दोन तर पाय फाकून पडलेली. गिरजामायनं त्यांचे पाय लोकरीच्या धाग्यानं एकमेकांशी सैलसर बांधले आणि तिसऱ्या दिवशी ती लंगडत का होईना चालू लागली. नामदेव तिसऱ्या दिवशीच्या गाडीनं चिखलीला परत गेला. गाठोडं सोबत नव्हतं. जाताना मला म्हणाला, "बाई, मायवर ध्यान ठेवा." 

पंधरा अंडी फुटलीच नाहीत. त्यांतली दोन मी उघडून पाहिली. आत पूर्ण पिलू होतं, पिसं आलेलं, चोच कवचाशी टेकलेली. एका अंशाला किती वजन असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. "माझ्यामुळे झालं," मी गिरजामायला म्हणाले. तिनं मला उगी केलं नाही आणि दोषही दिला नाही. उरलेली अंडी ओच्यात घेतली आणि म्हणाली, "कोंबडीखाली बी समदी निंगत नाई. खड्डा खनाले चाल." आम्ही दोघींनी खड्डा खणला.

आज मुलाबाळांची, नातवंडांची काळजी करून झाली, परीक्षा झाल्या, आजारपणं झाली. प्रत्येक वेळी मी हातात कुठली तरी काच धरून बसले आणि प्रत्येक वेळी मनात शंका राहिली की ही तरी खरी आहे का. लोक म्हणतात वय झालं की मन निवतं. माझं फाल्गुनात तरी निवत नाही.

पिलं आठ दिवसांची झाली तेव्हा गिरजामाय म्हणाली, आता बाहेर काढू. सकाळचं कोवळं ऊन अंगणभर पसरलं होतं. मी शाळेला निघण्याच्या तयारीत होते. एकोणीस पिलं चुन्यानं सारवलेल्या जमिनीवर पहिल्यांदा उतरली आणि लगेच इकडंतिकडं टोचायला लागली. ज्यांना आई म्हणून एक खोकं आणि एक कंदील मिळाला होता, ती ज्वारीच्या कण्या कशा खायच्या हे आपलं आपण शिकत होती. खूप दिवसांनी माझ्या छातीतली धडधड थांबल्यासारखी वाटली.

तेवढ्यात सगळी पिलं एकदम जमिनीला चिकटली. चिवचिव बंद. एकही हलेना. मला वाटलं, मानमोडी.  गिरजामायनं मात्र पिलांकडे पाहिलंच नाही, वर पाहिलं. अंगणावर घार घिरट्या घालत होती. तिची सावली भिंतीवरून सरकली, चुन्यावरून गेली. गिरजामाय अंगणाच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि आभाळाकडे बघून ओरडली, "हाड! हाड!"

सावली गेली. एक पिलू उठलं, मग दुसरं, मग सगळी, आणि जणू काही झालंच नाही अशी टोचायला लागली.

"यांना कोणी शिकवलं, गिरजामाय?" मी विचारलं. 

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला, कण्यांची वाटी माझ्या हातात दिली आणि घरात शिरता शिरता म्हणाली, "आता खाली नोको पाहू, बाई. आता वर पाह्यत जाय."

शाळेची पहिली घंटा झाली, दुसरी झाली. मी अंगणात मान वर करून तशीच उभी.